वायर लूज नाहीये, त्यानं मुद्दाम काढलंय

आमचं दुकान इचलकरंजीत, मोटर रिवाइंडिंगचं. गावात यंत्रमाग एवढे की जळालेल्या मोटरींना तोटा नाही, त्यामुळे वर्षभर काम तेच, फक्त गणपतीच्या आधीचा महिना वेगळा. तेव्हा टेबलावर मोटरींच्या जोडीला अँप्लिफायर येतात, भोंग्याची युनिटं येतात, जळालेले ट्रान्सफॉर्मर येतात आणि बाबा रात्री अकरापर्यंत दुकानातच असतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एका मंडळाचा मोठा अँप्लिफायर दुरुस्त होऊन टेस्टिंगला लावला होता आणि मी मोबाईलवरून जमैकाच्या किंग टबीचा एक डब लावला, डब म्हणजे तयार रेगे गाण्यातले आवाज काढून, घुमवून केलेलं त्याचं दुसरं रूप. बेस सुरू झाला, फळीवरचे स्क्रूचे डबे थरथरायला लागले, मग गाणाऱ्याचा आवाज आला, अर्धा शब्द, आणि गेला. गिटार एकदाच टण्ण वाजली, तोच आवाज चार-पाच वेळा लांब लांब जात विरला, आणि परत नुसता बेस. बाबांनी सोल्डर गन खाली ठेवली. म्हणाले, "बंद कर ते. वायर कुठंतरी लूज हाय बघ. आवाज तुटाय लागलाय."

मी म्हटलं, बाबा, वायर लूज नाहीये, त्यानं मुद्दाम काढलंय.

"कुणी?"

ज्यानं हे केलं त्यानं. तो पण आपल्यातलाच होता, रेडिओ दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा.

हे ऐकल्यावर मात्र त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, एक शब्द न बोलता.

तेव्हापासून मनात होतं की टबीवर मराठीत नीट लिहायचं. रेगे म्हटलं की आपल्याकडे बॉब मार्लेचा टी-शर्ट, तिथंच विषय संपतो, आणि डबबद्दल कुणी लिहिलंच तर ते धूर, नशा, अंतराळ, जादू असल्या शब्दांत लिहितात. मला ते पटत नाही. मला टबीच्या कामात पहिल्यापासून दुकान दिसतं. उघडलेली मशीन, मल्टीमीटर, आणि कुठला भाग काढला तर काय बंद पडतं हे बघणारा माणूस.

त्याचं खरं नाव ऑसबोर्न रडक. जन्म २८ जानेवारी १९४१, जमैकाची राजधानी किंग्स्टन. टबी म्हणजे इंग्रजीत गुबगुबीत, पण हे नाव त्याच्या अंगावरून पडलेलं नाही, आईचं माहेरचं आडनाव टबमन, त्यावरून टबी. लहानपण हाय होलबॉर्न स्ट्रीटच्या बाजूला गेलं आणि मग घर हललं वॉटरहाउसला, किंग्स्टनच्या पश्चिमेकडची गरीब वस्ती. तिथं तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि दुरुस्तीची कामं घ्यायला लागला, रेडिओ, टीव्ही, काय येईल ते. पण खरी मागणी होती ती साउंड सिस्टीमवाल्यांची.

साउंड सिस्टीम म्हणजे काय हे इचलकरंजी-सांगली-कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, आपण ज्याला डॉल्बी म्हणतो तेच, माणसापेक्षा उंच स्पीकरच्या भिंती. फरक एवढाच की आपल्याकडे ती मिरवणुकीत ट्रॅक्टरवर फिरते आणि जमैकात ती एका जागी, मोकळ्या अंगणात लागते, गेटवर पैसे देऊन लोक आत येतात, रात्रभर नाचतात. पन्नासच्या दशकापासून किंग्स्टनच्या गरीब माणसाचं संगीत म्हणजे हेच, कारण बँड बोलवायला पैसे लागतात आणि रेडिओवर त्यांच्या आवडीचं फारसं लागायचं नाही. आणि ह्या सिस्टीमवाल्यांची आपसात जीवघेणी स्पर्धा. ज्याचा बेस जास्त खोल, ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. मग अँप्लिफायर जास्त ओढायचे, आणि जास्त ओढला की ट्रान्सफॉर्मर जळणार, हे जगात कुठंही सारखंच. जळाला की माणूस टबीकडे. तो ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा, अँप्लिफायर स्वतः बांधायचा, आणि त्या कामात त्याचं नाव एवढं झालं की किंग्स्टनमधल्या कितीतरी सिस्टीमच्या पोटात त्याच्याच हातचं काम होतं.

मग त्यानं स्वतःची सिस्टीम उभी केली, टबीज होम टाउन हाय-फाय. मोठ्या व्यापाऱ्यांच्या सिस्टीमच्या मानानं ती लहान होती, पण आवाजाच्या स्वच्छपणात तिच्या जवळ कुणी नव्हतं असं तो काळ बघितलेले सगळे सांगतात. त्याला कारण आहे. बाकीचे लोक अँप्लिफायर विकत घेऊन जोरात वाजवत होते, हा आतली प्रत्येक तार ओळखत होता. त्यानं खालचा आवाज वेगळा, वरचा आवाज वेगळा असे भाग पाडून प्रत्येकाला वेगळी ताकद दिली, आणि चालू डान्समध्ये रिव्हर्ब (आवाज घुमवणं) आणि एको (तोच आवाज परत परत उमटवणं) वापरायला लागला. साठचं दशक संपता संपता त्याच्या सिस्टीमवर माईक होता युवर्ट बेकफर्डच्या हातात, म्हणजे यू-रॉय.

आता इथं एका चुकीची गोष्ट सांगावी लागेल, कारण त्या चुकीशिवाय डब नाही.

१९६७-६८ च्या सुमाराची गोष्ट. ड्यूक रीड नावाचा मोठा निर्माता होता, पूर्वी पोलिसात, कमरेला बंदूक लावून फिरणारा, त्याचा स्टुडिओ ट्रेझर आयल. टबी तिथं रेकॉर्ड कापायचं काम करायचा, म्हणजे टेपवरचं गाणं यंत्रानं तबकडीवर खोदायचं. डान्समध्ये वाजवायला ज्या एकेक प्रतीच्या तबकड्या कापतात त्याला डबप्लेट म्हणतात, धातूच्या पत्र्यावर मऊ लाखेसारखा थर असतो, थोड्या वेळा वाजवली की झिजून जाते. डब हा शब्द तिथून आलाय. तर स्पॅनिश टाउनचा एक सिस्टीमवाला, रडी रेडवुड, आपली डबप्लेट कापून घ्यायला आला आणि ती कापताना पॅरागॉन्स ह्या गायकांच्या गाण्यावर आवाजाचा ट्रॅक चढवायचाच राहिला. नुसतं वाद्यसंगीत खोदलं गेलं. रेडवुड ती तशीच घेऊन गेला आणि रात्री डान्समध्ये आधी नेहमीची रेकॉर्ड लावली आणि मागून ही बिनआवाजाची लावली. सगळं पब्लिक स्वतः गायला लागलं. गाणं सगळ्यांना पाठ होतं, गायक नाही म्हटल्यावर ती मोकळी जागा लोकांनी भरली.

बनी ली नावाचा निर्माता, जो पुढं टबीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आणि मित्र झाला, तो ही हकीकत आयुष्यभर सांगत राहिला. त्या रात्रीनंतर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं बिनआवाजाचं रूप टाकायची पद्धत पडली, त्याला नाव व्हर्जन. निर्मात्यांना तर हे फारच परवडलं, मागच्या बाजूसाठी वेगळं गाणं नको, वेगळे वादक नकोत, पैसे वाचले. आणि यू-रॉयसारख्या लोकांना बोलायला मोकळं मैदान मिळालं. टबीच्या सिस्टीमवर तो ह्या व्हर्जनवर तालात बोलायचा, ओरडायचा, लोकांशी गप्पा मारायचा, ते ऐकून ड्यूक रीडनं त्याला स्टुडिओत नेलं आणि १९७० मधे त्याच्या रेकॉर्डांनी जमैकाच्या यादीतली वरची जागाच अडवून ठेवली. रॅपच्या आधीचं रॅप म्हणतात ते हेच.

टबी मात्र त्या चुकीत वेगळंच काहीतरी बघत होता. बाकीच्यांना दिसलं की आवाज काढला तरी चालतं. त्याला दिसलं की आवाज काढता येत असेल तर काहीही काढता येतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं १८, ड्रोमिली अव्हेन्यू, वॉटरहाउस, ह्या घरातच स्टुडिओ केला. किती लहान, तर बँडला उभं राहायला जागाच नाही. वादक दुसरीकडे वाजवायचे, ट्रेझर आयलमधे नाहीतर रँडीजच्या स्टुडिओ १७ मधे, तिथून टेप यायची ती टबीकडे. गायकाचा आवाज भरायला बाथरूमची खोली. बस्स. म्हणजे हा स्टुडिओ खरंतर दुरुस्तीचं दुकानच होता, तयार झालेला माल येणार आणि इथं उघडला जाणार.

डायनॅमिक साउंड्स नावाच्या मोठ्या स्टुडिओनं आपली यंत्रं बदलली तेव्हा त्यांचा जुना चार ट्रॅकचा एमसीआय कंपनीचा मिक्सर, म्हणजे वेगवेगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र जुळवायचं यंत्र, बनी लीच्या मध्यस्थीनं टबीकडे आला. मोठ्यांनी जुनाट म्हणून बाजूला काढलेलं यंत्र. त्यावर एक हाय-पास फिल्टर होता, आल्टेक कंपनीचा, मोठ्ठं गोल बटण, फिरवलं की खालचा आवाज टप्प्याटप्प्यानं कापला जातो, ७० हर्ट्झपासून सुरू होऊन पार साडेसात हजारांपर्यंत. कामाच्या दृष्टीनं हा फिल्टर मायक्रोफोनमधली घरघर काढायला असतो, एकदा सेट केला की हात लावायचा नाही. टबी तो चालू गाण्यात फिरवायचा. म्हणजे भरलेला, जाडजूड ताल हळूहळू पातळ होत जातो, जिना चढल्यासारखा, शेवटी उरतो नुसता झांजेचा सळसळाट, आणि मग एका झटक्यात बटण मागे, आणि बेस छातीवर येऊन पडतो. ज्यांनी तो आवाज ऐकलाय ते आत्ता हसत असतील.

एकोसाठी त्यानं जुन्या टेप मशीनवर टेपचं वेटोळं फिरत ठेवलं, रेकॉर्ड झालेलं क्षणभरानं परत वाचलं जाणार आणि परत त्यातच मिसळणार. रिव्हर्बचं युनिट फिशर कंपनीचं, आत स्प्रिंगा असतात, आवाज स्प्रिंगेतून जातो म्हणून घुमतो. कितीतरी डबमधे मधूनच वीज कडाडल्यासारखा आवाज येतो ना, तो कुठल्याही वाद्याचा नाही, तो टबीनं त्या रिव्हर्बच्या डब्याला मारलेला फटका आहे! आतल्या स्प्रिंगा थरारतात आणि गडगडाट होतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम खूश झाले, कारण बंद पडलेल्या रेडिओला फटका मारून बघणं ही तर दुरुस्तीतली पहिली पायरी.

आता चार ट्रॅक म्हणजे काय तर एका पट्टीवर ड्रम, एकीवर बेस, एकीवर गिटार-ऑर्गन वगैरे, एकीवर आवाज किंवा ब्रास, साधारण अशी वाटणी. एवढंच सामान. टबी टेप चालू करायचा आणि गाणं चालू असताना हातानं पट्ट्या वर-खाली, ह्याला बंद कर, त्याला एकोत ढकल, फिल्टर फिरव, सगळं एका दमात, जिवंत. कॉम्प्युटर नाही, लक्षात ठेवणारं काही नाही, एक मिक्स झाला की तसाच दुसरा परत होणं शक्य नाही. एकाच गाण्याचे त्याचे चार डब ऐकलेत तर चारही वेगळे. मैफलीत एकच बंदिश दोन दिवस दोन तऱ्हांनी रंगते तसं. वाद्य त्यानं एकही वाजवलं नाही, त्याचं वाद्य तो मिक्सर.

आणि मला जे सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की टबी घालत फार कमी होता. काढत होता. गाणं म्हणजे गायक असं आपण धरून चालतो, गायकाच्या मागे बाकीचे. त्यानं पहिला गायकच काढला. मग गिटार काढली. मग मधेच ड्रम काढला आणि बेस एकटा चालत राहिला, किंवा बेस काढला आणि पायाखालची जमीन गेल्यासारखं झालं. जे काढलं ते ऐकू येत नाही पण कान ते शोधत राहतात, तुम्ही स्वतः मनात वाजवायला लागता, रेडवुडच्या डान्समधली माणसं गायली तसं. रिवाइंडिंगच्या दुकानात मोठा झालेल्याला हे लगेच कळतं, कारण मशीन कशी चालते हे चालू मशीनकडे बघून कधीच कळत नाही, एकेक भाग सुटा केल्यावर कळतं.

एकच डब ऐकायचा असेल तर ऑगस्टस पाब्लोचा तो प्रसिद्ध, किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन, ज्याच्या नावातच किंग टबी आहे. पाब्लो मेलोडिका वाजवायचा, तोंडानं फुंकून वाजवायची छोटी पेटी, शाळेतल्या पोरांचं वाद्य, त्यातून त्यानं असा काही उदास सूर काढला की ऐकताना संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. मूळ गाणं जेकब मिलरचं, बेसवर रॉबी शेक्सपियर, ड्रमवर कार्लटन बॅरेट म्हणजे मार्लेच्या बँडचाच ड्रमर. साधं प्रेमाचं गाणं. टबीनं त्यात मिलरचा आवाज अर्ध्या शब्दावर तोडला आणि एकोत सोडून दिला, ड्रमचा एकेक ठोका गोळी झाडल्यासारखा पुढं आणला. १९७५ मधे ही रेकॉर्ड इंग्लंडमधे निघाली तेव्हा गाणं होतं पुढच्या बाजूला आणि डब मागच्या बाजूला, आणि नाव झालं ते मागच्या बाजूचं.

त्याच सुमाराला बनी लीचे वादक ड्रमच्या हाय-हॅट झांजा उघड-बंद करत एक नवीन ताल वाजवत होते, सँटा डेव्हिसनं जॉनी क्लार्कच्या गाण्यांवर वाजवलेला, फ्लाइंग सिंबल म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नाचाच्या गाण्यांवरून उचललेला होता तो. टबीच्या त्या फिल्टरला हा ताल म्हणजे पर्वणीच, कारण सगळं कापून नुसती झांज ठेवली की ती हवेतून सळसळत येते. १९७४-७५ चे त्याचे बरेचसे डब ह्या एका आवाजावर उभे आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. डब एकट्या टबीनं शोधला असं म्हणणं चूक. रँडीजमधला एरल थॉम्पसन त्याच काळात तेच करत होता आणि फार चांगलं करत होता. ली पेरी नावाचा निर्माता होता, त्यानं आणि टबीनं मिळून १९७३ चा ब्लॅकबोर्ड जंगल डब केला, पुढं पेरीनं ब्लॅक आर्क हा स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि तो वेगळ्याच वाटेनं गेला, थरावर थर, थरावर थर, टबीच्या बरोब्बर उलटा. पेरी लोकांना जास्त आठवतो कारण तो बोलायचा, विचित्र कपडे घालायचा, मुलाखती द्यायचा. टबी शांत माणूस. टापटीप, इस्त्रीचा शर्ट, स्टुडिओत जिथल्या तिथं वस्तू, जाझ ऐकणारा. डोक्यावर मुकुट घातलेला त्याचा एक फोटो आहे तोच सगळीकडे दिसतो.

शिवाय जमैकात प्रोड्युसर म्हणजे पैसे लावणारा. वादकांना पैसे देणार, स्टुडिओचं भाडं देणार, आणि टेप त्याच्या मालकीची. टबी बराच काळ त्या अर्थानं प्रोड्युसर नव्हताच, तो इंजिनियर, मिक्स करायचे पैसे घेऊन टेप परत देणारा. बनी ली, यॅबी यू, ग्लेन ब्राउन, पाब्लो, सगळ्यांच्या टेपा त्याच्याकडे. पण झालं काय की रेकॉर्डवर किंग टबी हे नाव छापलं की ती विकली जायला लागली. इंजिनियरचं नाव पुढच्या पानावर, मोठ्या अक्षरात, हे त्याच्या आधी कुणी बघितलं नव्हतं. पुढं पुढं तर त्याच्या शिष्यांनी केलेले मिक्ससुद्धा त्याच्या नावानं खपवले गेले. आणि वादक ज्यांनी मुळात ते सगळं वाजवलं त्यांना एकदाचे दिवसाचे पैसे मिळाले, मग त्या एका टेपमधून दहा रेकॉर्डी निघोत. ह्याचं मला वाईट वाटतं आणि ते डबच्या कौतुकात दडपून जाऊ नये असंही वाटतं.

शिष्यांचं सांगतो. हॉप्टन ब्राउन नावाचा पोरगा, वडील टीव्ही-रेडिओ दुरुस्तीतले, स्वतः अँप्लिफायर बांधायचा, टबीकडे आला तो ट्रान्सफॉर्मर न्यायला. तिथंच चिकटला. दुरुस्ती करता करता मिक्सरवर बसला आणि सायंटिस्ट ह्या नावानं विशीच्या आत प्रसिद्ध झाला. लॉइड जेम्स म्हणजे जॅमी, तोही वॉटरहाउसचा, तोही अँप्लिफायर बांधणारा, मधे कॅनडात गेला होता, परत आला तो टबीच्या स्टुडिओत. त्याच्या आधी तिथं फिलिप स्मार्ट होता, तो पुढं अमेरिकेत न्यूयॉर्ककडे गेला आणि तिथं स्वतःचा स्टुडिओ चालवला. बघा, संगीत शिकायला कुणीच आलं नव्हतं. एकजण ट्रान्सफॉर्मर न्यायला आला होता.

हे सगळं चालू होतं ते किंग्स्टन पेटलेलं असताना. सत्तरच्या दशकात दोन पक्षांच्या वस्त्या वेगळ्या, प्रत्येक पक्षाची बंदूकवाली पोरं, १९७६ मधे आणीबाणी लागली, १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात आठशेच्या वर माणसं मेली. वॉटरहाउसला तर लोक फायरहाउस म्हणायला लागले होते. टबीची स्वतःची साउंड सिस्टीम पोलिसांनी डान्समधे घुसून फोडली आणि नंतर तो स्टुडिओतच राहिला. रेगेतली गाणी न्यायाबद्दल, भुकेबद्दल, आफ्रिकेबद्दल असायची, त्यावर बोट ठेवून कुणी म्हणू शकतं की टबीनं शब्दच काढून टाकले, मग उरलं काय. मला वाटतं तेच उरलं. "जज" हा एक शब्द येतो आणि अंधारात घुमत जातो, तो पूर्ण ओळीपेक्षा जास्त लागतो.

१९८५ मधे जॅमीनं एका साध्या कॅसिओ कीबोर्डमधल्या तयार तालावर वेन स्मिथकडून एक गाणं गाऊन घेतलं आणि जमैकाचं संगीत एका रात्रीत बदललं. बेस वाजवणारा नको, ड्रमर नको. शिष्यानं गुरूला मागं टाकलं असं तेव्हा वाटलं असेल. पण टबीनं त्याच सुमाराला नवीन, मोठा स्टुडिओ बांधला, आता पहिल्यांदाच पूर्ण बँड मावेल असा, स्वतःची लेबलं काढली, फायरहाउस हे त्यातलं एक, आणि अँथनी रेड रोझकडून त्याच धाटणीचं पण जास्त काळोखं गाणं करून दाखवलं. म्हणजे आता तो खऱ्या अर्थानं प्रोड्युसर झाला होता, स्वतःचा पैसा, स्वतःची टेप. नवीन पोरांना मिक्सरवर बसवायचा आणि स्वतः लक्ष ठेवायचा.

६ फेब्रुवारी १९८९. स्टुडिओतलं काम आटपून तो ड्युहेनी पार्कमधल्या आपल्या घरी आला आणि घराच्या बाहेरच कुणीतरी त्याला गोळी घालून मारलं. वय ४८. लुटायला आले होते असं धरतात, मारेकरी आजतागायत सापडला नाही. ह्यापेक्षा जास्त मला त्यावर लिहवत नाही.

त्याचं काय काय कुठं गेलं हे शोधायला गेलं तर हात पुरत नाहीत. आज कुठल्याही गाण्याचा रिमिक्स निघतो, तयार गाणं उघडून परत जोडायचं ही गोष्ट बाजारात रुळवली ती ह्या लोकांनी. इंग्लंडमधे जमैकातून गेलेल्या लोकांच्या वस्त्यांत जाह शाका, डेनिस बोव्हेल, मॅड प्रोफेसर असे डबवाले उभे राहिले, मॅड प्रोफेसरनं मॅसिव्ह अटॅक ह्या इंग्लंडच्या बँडचा आख्खा अल्बम १९९५ मधे डबमधे उलटापालटा केला. लंडनमधल्या भारतीय-बांगलादेशी घरांतल्या पोरांनी बँड काढला तेव्हा नावातच डब घातलं, एशियन डब फाउंडेशन. गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश नावाचा रेगे फेस्टिव्हल सुरू झाला, तिथं स्वतः बांधलेली साउंड सिस्टीम वाजते. आणि हो, रेगेच्या गाण्यांत सारखा येणारा गांजा हा शब्दही इथलाच, १८४५ पासून मजूर म्हणून जमैकात नेलेल्या हिंदुस्थानी लोकांबरोबर गेलेला. टबीचा तो मिक्सर, गोल बटणासकट, अमेरिकेत सिएटलच्या म्युझियममधे पोचला. काचेच्या आत ठेवलेल्या मिक्सरचा फोटो बाबांना दाखवला तर ते म्हणाले, "असं बंद ठेवल्यावर कार्बन धरतंय की कंट्रोलात." खरंय ते. वापरात नसलेलं व्हॉल्यूमचं बटण खरखरतं.

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी. पहिला पाब्लोचा १९७६ चा अल्बम, वर ज्या डबबद्दल लिहिलं तो त्यातच आहे. मग यॅबी यूच्या टेपांवर टबीनं केलेला प्रॉफेसी ऑफ डब, हा रात्री ऐका. मग डब गॉन क्रेझी, मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर लेबलनं १९९४ मधे काढलेला संग्रह, त्यात टबीबरोबर शिष्यांचेही मिक्स आहेत म्हणून कोण कसं काढतो हे शेजारी-शेजारी ऐकायला मिळतं, जॅमीचा हात आणि टबीचा हात दोन-तीनदा ऐकल्यावर वेगळा ओळखू यायला लागतो.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बेस येतच नाही आणि मग अर्धं गाणं गायब. हेडफोन चालतील. जवळ कुणाचं डेकोरेटर्सचं दुकान असेल, ओळख असेल, तर दुपारी गिऱ्हाईक नसताना जाऊन त्यांच्या मोठ्या बॉक्सवर लावा, आवाज निम्माच ठेवा. आमच्याकडे अजूनही अँप्लिफायर दुरुस्त झाला की टेस्टिंगला आधी सनई लावतात, ती बाबांची पद्धत, आणि मग मला हाक मारतात, "ते ट्रान्सफॉर्मरवाल्याचं लाव रे, बेस बघू."